टर्नरचा एकच शब्द

माझ्या सासऱ्यांना गल्लीत कोणी नावाने हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही. घरात ते अण्णा, बाहेर टर्नर. पोस्टमनसुद्धा खाली उभा राहून "टर्नर आहेत का" असंच विचारायचा. लेथ मशीनवर लोखंडाचा दांडा गरगरा फिरवायचा, त्याला धारदार टूल लावायचं आणि हवा तो गोल आकार काढायचा, हे टर्नरचं काम. खाली अण्णांचं वर्कशॉप, वर आमच्या दोन खोल्या, मध्ये अंधारा जिना. मशीन सुरू झालं की वरच्या फरशीला बारीक थरथर सुटायची आणि फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, भूकंपच होतोय. पुढे इतकी सवय झाली की मशीन बंद असलं तरच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. चालू असलं की खुशाल. खाली माणूस कामात आहे, घर चाललंय.

अण्णा म्हणजे बोलघेवडा माणूस. सकाळी मशीनचा पट्टा फिरायच्या आधी त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. गिऱ्हाइकाला बोलायचे, मुलाला बोलायचे, मला तर बोलायचेच. पहिल्या दिवशी त्यांनी मला मशीन दाखवलं ते असं: "हे जनावर आहे. दिलं तेवढं खातं. ओढणी दिलीस तर तुझ्यासकट खाईल." त्यांच्या उजव्या करंगळीचं एक पेर त्या जनावराने फार पूर्वीच खाल्लं होतं, ते त्यांनी मला पुढे करून दाखवलं. नव्या सुनेला दाखवायची ही काय वस्तू झाली? पण मी त्या दिवसापासून मशीनला भ्यायले ती भ्यायलेच. जेवायला हाक मारायची तरी दारातूनच.

इंग्रजीशी त्यांची गाठ पडली ती एका शब्दामुळे. पोरवयात ते एका कारखान्यात लोखंडाचा कचरा झाडायला लागले. तिथला फोरमन इंग्रजीशिवाय बोलत नसे. एक दिवस मशीनवरचा माणूस आला नाही, तर फोरमनने यांनाच मशीनपुढे उभं केलं आणि म्हणाला, टर्न. त्याला म्हणायचं होतं, लेथवर लोखंड फिरव; यांना वाटलं, मागे वळ म्हणतोय. म्हणून हे त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. फोरमन पुन्हा ओरडला, टर्न. हे पुन्हा वळले, आता तोंड त्याच्याकडे. सगळा कारखाना पोट धरधरून हसला. हा किस्सा अण्णा आल्यागेल्याला सांगत, आणि दर वेळी त्यात ते एकदा जास्त वळत. पुढे त्यांनी जुनं लेथ विकत घेतलं आणि त्याच्या जोरावर दोन मुलं वाढवली. सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेल्या होत्या. नणंद शिकून शाळेत इंग्रजीची बाई झाली आणि नवरा वडिलांच्या शेजारी मशीनवर उभा राहिला.

मग एका सकाळी दाढी करता करता अण्णांच्या हातातलं रेझर गळून पडलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी समजावलं की यांना तुमचं सगळं कळतं, डोकं शाबूत आहे, फक्त शब्द बाहेर येणार नाहीत, आणि मानेने हो-नाही करायला गेले तरी बरेचदा उलटंसुलटं होईल. कधीकधी एखादाच शब्द जिभेवर उरतो आणि माणूस सगळं त्या एका शब्दात बोलू बघतो. घरी आणल्यावर काही दिवसांनी तो उरलेला शब्द बाहेर आला. "टर्न."

नवरा त्या दिवशी आनंदाने रडला. त्याला वाटलं, एक आला म्हणजे मागोमाग बाकीचे येतील. मागून कोणीच आलं नाही. मुलांची नावं नाहीत, पाणी नाही, दुखतंय नाही. आयुष्यभर ज्यांनी आम्हाला धड वाक्य पुरं करू दिलं नाही, त्यांच्याकडे आता एकच शब्द होता, आणि तोही परक्या भाषेतला.

सुरुवातीला मला सोपं वाटलं. टर्न म्हणजे कूस बदल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत राहावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते मी संध्याकाळी येणाऱ्या नर्सकडून शिकून घेतलं होतं. त्यांनी टर्न म्हटलं की मी त्यांना वळवायची, आणि ते डोळे वटारायचे, कारण त्यांना पंखा कमी करून हवा असायचा. पंख्याचा टर्न ओळखायला शिकले तर पुढचा टीव्हीचा निघाला. टीव्ही बंद केला तर पेपरचं पान उलटायचं होतं. पान उलटलं, तरी टर्न. तोवर गॅसवरची भाजी बुडाला लागून वास सुटला होता आणि ते बिचारे मला भाजी परतायला सांगत होते.

एकदा नात्यातले एक गृहस्थ भेटायला आले आणि उशापाशी बसून, असं जगण्यापेक्षा सुटका बरी, या थाटाचं बोलू लागले. अण्णांनी टर्न, टर्न असा घोशा लावला. मी आपली भाबडेपणाने त्यांना कुशीवर वळवून पाहुण्यांच्या अगदी समोरासमोर केलं. खरं तर त्यांना पाहुण्यांना वाटेला लावायचं होतं. दिवसभर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवारी नणंद यायची. तिला मी विचारलं की बाई गं, तुझ्या इंग्रजीत या शब्दाला अर्थ तरी किती? तिने शब्दकोश आणून उघडला. पानच्या पान भरून तो एक शब्द. तिने समजावलं की हे क्रियापद एकटं असं काहीच सांगत नाही. त्याच्या मागे एक छोटा शब्द लागतो आणि त्याने सगळं ठरतं. एक लावला की दिवा लागतो, दुसरा लावला की विझतो. एकाने आवाज वाढतो, एकाने कमी होतो. एकाने माणूस येऊन उगवतो, एकाने त्याला हाकलतात, एकाने झोपायला जातो आणि त्याच एकाने पोलिसांच्या हवाली होतो. दूध नासलं तरी टर्न, आणि रस्ता वळला तरी टर्न. म्हणजे सगळा जीव शेपटात, आणि अण्णांच्या शब्दाचं शेपूट झटक्यात गेलं होतं. डोळे बांधून गाढवाला शेपूट लावायचा खेळ असतो ना, तो मी या घरात दिवसभर खेळत होते.

इंग्रजीला नावं ठेवायला मी तोंड उघडलं होतं, पण विचार केला तर आपलं तरी काय वेगळं आहे? डोकं फिरतं, दिवस फिरतात, दिलेला शब्द फिरवता येतो, केलेल्या कामावर बोळा फिरवता येतो, आणि घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. फक्त आपल्याला पुढचामागचा शब्द मिळतो म्हणून कळतं. नुसतंच कोणी "फिर" म्हणून डोळे लावून पडलं तर आपण काय करणार? शेजारच्या काकूंचं मत मात्र वेगळं होतं. त्या म्हणायच्या, एकच शब्द आहे ना, मग नशीबवान आहेस, आमचे दिवसभर बोलतात आणि त्यातला एकही कामाचा नसतो.

मीही हसायची. हसणं थांबलं ते नळीच्या दिवसापासून.

अण्णांना लघवीसाठी नळी लावलेली होती. त्या दिवशी दुपारपासून त्यांनी टर्नचा धोशा लावला. मी पंखा बघितला, खिडकी बघितली, पेपर बघितला आणि शेवटी कूस बदलली. ते आणखी जोरात म्हणाले. मी दुसऱ्या कुशीवर केलं. ते डाव्या हाताने कॉटची कड बडवायला लागले. मी चिडले, चार शब्द बोलले, पुन्हा वळवलं. संध्याकाळी नर्स आली आणि तिने चादर उचलली तर नळीला पीळ बसलेला. पोट टम्म फुगलेलं. मी त्यांना वळवत होते तसतसा पीळ घट्ट होत होता. ते सांगत होते की नळी पिळली गेलीय, आणि मी माझ्या हाताने ती आणखी पिळत होते. डॉक्टरांनी नंतर स्पष्टच सांगितलं की आणखी उशीर झाला असता तर जीवावर बेतलं असतं.

त्यानंतर मला त्या शब्दाची भीती बसली. खरीखुरी भीती. आंघोळ करताना दार किलकिलं ठेवायची. भाजी आणायला गेले तर पिशवी अर्धी भरून परत यायची. लोकांना वाटायचं, काय सासऱ्यांची सेवा करते. सेवा कसली, मी भ्यायले होते. एक ना एक दिवस ते असा टर्न म्हणतील की त्यावर कोणाचा तरी जीव टांगलेला असेल, आणि मी पंख्याचं बटण फिरवत बसेन, हे माझ्या मनाने घेतलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू फार विचार करतेस. त्याला काय, तो खाली. मशीनच्या आवाजात त्याला वरचं काही ऐकूच येत नसे.

तो दिवस असाच, नेहमीसारखा होता. दुपारची जेवणं झाली होती. नवरा जेवताना म्हणाला की डोकं जरा हलकं हलकं वाटतंय. मी म्हटलं, पड थोडा. पण पंपाचा एक लांब दांडा संध्याकाळपर्यंत करून द्यायचा होता, म्हणून तो खाली गेला. मशीन सुरू झालं, कपबशा किणकिणायला लागल्या. मी अण्णांच्या कॉटशेजारी बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. अण्णांचा डोळा लागला होता.

मग ते जागे झाले आणि म्हणाले, "टर्न."

हा सूर मी कधी ऐकला नव्हता. एरवी त्यांचा टर्न हुकूम सोडल्यासारखा असायचा, किंवा कुरकुरत. हा हळू होता. अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकताना आपण "कोण आहे" म्हणून विचारतो, तसा.

मी आधी नळी बघितली. आता मी पहिल्यांदा नळीच बघायची. नळी सरळ होती. पंखा कमी केला, मग वाढवला. गॅस बंद होता, टीव्ही बंद होता. खिडकीतून ऊन येत होतं, पडदा ओढला. "टर्न." अण्णा माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर फरशीवर होती. मी कॉटखाली वाकून बघितलं, चप्पल आणि जुना डबा यापलीकडे काही नव्हतं. कूस बदलायला गेले तर त्यांनी अंग ताठ केलं, वळूच देईनात. "टर्न. टर्न." कपाळावर घाम फुटला होता.

मला वाटलं, आला. दुसरा झटका आला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की दुसरा आला तर वेळ घालवू नका. मी त्यांचा चेहरा बघितला, वाकडा होता तेवढाच वाकडा होता. डावा हात उचला म्हटलं, उचलला. नणंदेला फोन लावला, ती वर्गात असणार, उचलला नाही. डॉक्टरांना लावायचा तर काय सांगू? काय होतंय म्हणून विचारतील तर टर्न होतंय म्हणून सांगू? माझी बोबडी वळायची वेळ आली होती. वळायला बोबडीच राहिली होती, बाकी सगळं वळवून झालं होतं.

नवऱ्याला बोलवावं म्हणून मी जिन्याच्या तोंडाशी गेले आणि हाक मारली. उत्तर नाही. पण मशीन चालू असताना उत्तर कधीच येत नसे, म्हणून त्याचं काही वाटलं नाही. उलट धीर आला. मशीन चालू आहे, म्हणजे तो तिथे आहे, जवळ आहे. काम मध्ये सोडून वर आला आणि अण्णांना फक्त उशी हवी असली तर चिडेल. आधी मी बघते, मग बोलावते, असं ठरवून मी परत फिरले.

अण्णांनी मला परत आलेली बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना मी रडताना कधी बघितलं नव्हतं, झटक्यानंतरसुद्धा नाही. मी जवळ गेले. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हातात अजून टर्नरचीच ताकद होती, मला दुखलं. त्यांनी माझा तळहात ओढून कॉटच्या लोखंडी कडेवर दाबून धरला आणि माझ्याकडे बघत राहिले.

लोखंड थरथरत होतं. खालच्या मशीनची थरथर फरशीतून कॉटमध्ये चढत होती, त्यात नवीन काही नव्हतं. मी हात काढायला गेले. त्यांनी आणखी जोरात दाबला. "टर्न," ते म्हणाले, आणि मान हलवली. नाही, अशी.

मग मला जाणवलं. थरथर सपाट होती. टूल लोखंडाला लागलं की मशीनचा आवाज जड होतो, घरघरतो, टूल बाजूला घेतलं की मोकळा होतो. माणूस मध्ये मशीन थांबवतो, माप घेतो, पुन्हा सुरू करतो. इतकी वर्षं या आवाजावर मी झोपले होते, जेवले होते, त्यात हे सगळं होतं हे मला माहीतच नव्हतं. आता त्यात काहीच नव्हतं. मशीन नुसतं फिरत होतं. चढ नाही, उतार नाही, थांबा नाही. त्याच्यावर कोणाचा हात नव्हता.

मी जिना कशी उतरले मला आठवत नाही. ओढणी मात्र वरच्याच पायरीवर टाकली, ते भीतीनेच केलं.

नवरा मशीन आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत उताणा पडला होता. चेहरा राखेसारखा. तोंडातून ओकारी आली होती आणि घशातून पाण्यात बुडबुडे निघावेत तसा आवाज येत होता. त्याच्या डोक्यावर तो लांब दांडा गरगर फिरत होता, लखलखीत, कोणाचं काही देणं लागत नसल्यासारखा. बंद करायचं बटण दांड्याच्या पलीकडे होतं. आयुष्यात ज्या मशीनला मी कधी बोट लावलं नव्हतं, त्याच्यावरून हात पलीकडे न्यायचा होता. करंगळीचं ते पेर माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी मेले तरी चालेल असं वगैरे काही मनात आलं नाही, लोक सांगतात तसं. मला फक्त प्रचंड भीती वाटत होती आणि मी भीत भीतच हात पलीकडे नेला. बटण दाबलं. दांडा हळूहळू थांबला.

पुढचं हातांनी आपोआप केलं. त्याचा गुडघा उभा केला, खांद्याला आणि कमरेला धरून माझ्याकडे ओढलं. अण्णांपेक्षा तो जड होता, पण वळला. तोंडातलं सगळं बाहेर आलं. त्याने एक मोठा, फाटका श्वास घेतला.

मी रस्त्यावर धावत जाऊन ओरडले. समोरच्या मोटर दुरुस्तीवाल्याने त्याचा टेम्पो काढला, आम्ही दोघांनी नवऱ्याला उचललं. आणि तेव्हा, मशीन बंद झाल्यामुळे पसरलेल्या त्या शांततेत, मला वरून आवाज आला.

"टर्न? टर्न?"

अण्णांनी मशीन थांबलेलं ऐकलं होतं. कोणी थांबवलं, का थांबवलं, त्यांना काय कळणार? टेम्पो सुरू झाला. शेजारच्या काकूंना वर जा, एवढंच मी सांगू शकले, आणि आम्ही निघालो तरी तो आवाज खिडकीतून येतच होता.

दवाखान्यात कळलं की त्याच्या हृदयाचे ठोके मध्येच मंदावत होते, म्हणून तो कोसळला. छातीत पेसमेकर बसवावा लागला. डॉक्टर म्हणाले, उताणा पडून राहिला असता तर ओकारी श्वासात जाऊन गुदमरला असता, तुम्ही वेळेवर पोचलात. मी मान डोलावली. वेळेवर नाही, जिन्यापाशी जाऊन परत फिरल्यावर पोचले, हे मी त्यांना सांगितलं नाही.

नवरा दवाखान्यात होता तेवढे दिवस नणंद रजा काढून अण्णांपाशी राहिली. तिने त्यांना पहिल्याच संध्याकाळी सांगितलं की दादा वाचला. त्यांनी ऐकलं, डोळे मिटले, आणि त्यानंतर एकही शब्द बोलले नाहीत. टर्नसुद्धा नाही. पंखा नाही, कूस नाही, काही नाही. तिने फोनवर मला हे सांगितलं तेव्हा माझ्या मनात आलं की गेला, शेवटचा शब्दही गेला. त्या शब्दाला मी इतकी घाबरत होते, आणि आता तो नाही म्हणून घाबरले. माणसाच्या मनाचं काही खरं नसतं.

त्या दिवशी अण्णांना नक्की काय म्हणायचं होतं, यावर आमचा नंतर खल झाला. नवऱ्याचं म्हणणं, मशीन बंद कर म्हणत होते. नणंद म्हणाली, नाही, नुसतं फिरतंय, नुसतं फिरतंय, असं सांगत होते. मला वाटतं, ते मुलाला हाक मारत होते. त्यांच्याकडे त्याचं नाव नव्हतं, पण त्याचा धंदा होता.

नवरा घरी आला तेव्हा जिना चढायला त्याला बराच वेळ लागला. तो कपडेही न बदलता थेट अण्णांच्या कॉटवर जाऊन बसला. या बापलेकांना एकमेकांशी हळू आवाजात बोलायची सवयच नव्हती, मशीनच्या गोंगाटात दोघांचं आयुष्य ओरडण्यात गेलं होतं. अण्णांनी डावा हात उचलला आणि त्याच्या शर्टावरून, जिथे पट्टी होती तिथे, अलगद ठेवला. बराच वेळ ठेवला. ठोके मोजत असावेत. मग तोच हात त्यांनी परत नेला आणि स्वतःच्या छातीवर थापटला.

"टर्न," ते म्हणाले.

आणि मुलाच्या खांद्याला तळहात लावून त्याला थोडं मागे सारलं. रांगेत कोणी मध्येच घुसायला लागला तर आपण सारतो तसं.

मला तत्क्षणी कळलं. पंखा नाही, नळी नाही, पान नाही. पहिल्यांदाच मला काही शोधावं लागलं नाही. टर्न म्हणजे पाळी. आधी जायचा नंबर माझा आहे. माझ्याआधी तू नाहीस. बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा अगदी निवांत झाला होता. नणंद उठून स्वयंपाकघरात गेली, तिलाही कळलं होतं. इतके दिवस मी देवाकडे मागत होते की यांचं बोलणं मला एकदा तरी चटकन कळू दे, आणि आता वाटत होतं, हे तेवढं कळलं नसतं तर बरं झालं असतं.

नवऱ्यालाही कळलं होतं. त्याचा चेहरा मी ओळखते.

"कूस बदलायचीय होय, अण्णा?" तो म्हणाला. "एवढंच ना? बदलू."

त्याला वजन उचलायला बंदी होती, म्हणून मी दुसऱ्या बाजूने हात लावला. आम्ही दोघांनी मिळून त्यांना त्याच्याकडे वळवलं, पाठीमागे उशी सरकवली. अण्णांनी या वेळी डोळे वटारले नाहीत. मुलगा मुद्दाम चुकीचा अर्थ लावतोय हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी त्याला तो लावू दिला.